कोकण गुणांक

संदेशमामा आणि मी आखातातल्या एकाच शहरात, बावीस किलोमीटरच्या अंतरावर राहत होतो. तरी चार वर्षांत आमची भेट सात वेळा झाली. माझ्याकडे संशोधकांना मिळणारं दहा वर्षांच्या रहिवासाचं कार्ड होतं. ते दाखवलं की शहरातलं जवळजवळ प्रत्येक दार उघडायचं, पण मामाच्या लेबर कॅम्पमध्ये जायला मला आठवडाभर आधी पास काढावा लागे. मामाचा व्हिसा कंपनीच्या नावाला बांधलेला होता, दोन वर्षांचा. माझ्या इमारतीत यायचा पास त्याला मिळतच नसे. एकदा त्याने फाटकावर सांगून पाहिलं, की मी तिचा सख्खा मामा आहे, तिला मीच वाढवलंय. रखवालदार नेपाळचा होता. तो म्हणाला, माझी सख्खी बहीण आत कपडे धुते, मीही आत जात नाही.

माझं काम घामावरचं. २०३८च्या उन्हाळ्यात बांधकामावरची माणसं फार मेली, त्यानंतर तिथे कायदा झाला की उन्हात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या दंडावर पट्टी हवी. पट्टी पोस्टाच्या तिकिटाएवढी. शरीराच्या आतलं तापमान साडेअडतीसच्या वर गेलं की ती वाजते, आणि माणसाला सावलीत बसवावंच लागतं.

आतलं तापमान बाहेरून थेट मोजता येत नाही, अंदाज बांधावा लागतो. पट्टी दोन गोष्टी पाहते. कातडीतून किती उष्णता बाहेर वाहते आहे, आणि घाम किती आंबट आहे. घाम ग्रंथीत तयार होतो तेव्हा तो फारसा आंबट नसतो. बारीक नळीतून वर येताना नळीच्या भिंती त्यातला अल्कधर्मी भाग परत शोषून घेतात, म्हणून सावकाश आलेला घाम आंबट होतो. माणूस तापला की घाम इतक्या वेगाने येतो की नळीला शोषायला वेळ मिळत नाही. म्हणजे घाम जितका कमी आंबट, तितका माणूस जास्त तापलेला. एवढंच. यातलं अवघड काम आकड्यांचं होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अकरा हजार कामगारांच्या नोंदी माझ्यासमोर होत्या. त्यांतले सहाशे चाळीस रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे. त्याच उन्हात, त्याच कामावर, हे सहाशे चाळीस जण बाकीच्यांपेक्षा सरासरी चार दशांश अंशाने थंड होते. मी तीन आठवडे चूक शोधली. वय, वजन, कामाचा प्रकार, आधीची वर्षं, सगळं वजा करून पाहिलं. फरक तिथेच राहिला. प्रयोगशाळेत सहा कोकणी माणसं आणून तपासली, त्यांच्यात फरक दिसला नाही. पण ते सहाजण नुकतेच विमानातून उतरलेले होते. शरीर अजून सरावलेलं नसेल, असं मी तळटिपेत लिहिलं आणि पुढे गेले.

दमट उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली शरीरं काहीतरी शिकली असतील, असा माझा तर्क होता. आमच्या गटाच्या प्रमुख डॉ. हद्दाद यांनी त्याला ‘कोकण गुणांक’ हे नाव दिलं. त्या लेखाने मला दहा वर्षांचं कार्ड दिलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमानही वाटला. गुहागरजवळच्या एका वाडीतल्या माणसांत काहीतरी आहे, हे मी जगाला आकड्यांत सांगितलं होतं.

वर्षभरात गुणांक कायद्यात आला. इतरांना उन्हात पाच तास, कोकणच्या माणसाला साडेसात. पगार उन्हाच्या तासांवर होता. एजंट चिपळूणला लॉज धरून बसले. सहाशे चाळीसचे चार हजार झाले. लग्नाच्या बायोडेटात उंचीच्या खाली ‘साडेसात तासी’ लिहू लागले. साताऱ्याकडची पोरं आमच्याकडे भाड्याची खोली घेऊन रहिवासी दाखले काढू लागली. शिमग्याला पालखी नाचवायला वाडीत खांदे पुरेनात, तेव्हा त्याच साताऱ्याच्या पोरांना बोलावलं. ही हकिगत मामा मला फोनवर हसत हसत सांगायचा. दुसरी हकिगत कोणी सांगत नसे: कंपन्यांनी बिहारचे आणि नेपाळचे करार नव्याने केले नाहीत. पाच तासांचा माणूस कुणाला नको होता.

चौथ्या वर्षी मला ती साताऱ्याची पोरंच नोंदींमध्ये दिसली.

ती खोट्या दाखल्यावर आलेली, म्हणजे त्यांच्या पट्ट्या वारंवार वाजायला हव्या होत्या. काहींच्या वाजत होत्या. काहींच्या मात्र पक्क्या कोकणी माणसासारख्या गप्प होत्या. आणि एका कॅम्पमध्ये दापोलीची चाळीस माणसं होती, अगदी अस्सल, पण ती कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवत आणि त्यांच्या पट्ट्या इतरांसारख्याच वाजत. मग मी खोल्यांच्या बदल्या पाहिल्या. एक माणूस कंपनीच्या कॅन्टीनमधून कोकणी माणसांच्या मेसमध्ये गेला की दोन दिवसांत त्याचा आकडा चार दशांशाने खाली येत होता. माणूस तोच, गाव तेच. बदललेली होती ती फक्त मेस.

मला वाटलं, खाण्यात काहीतरी आहे. मामाच्या कॅम्पचा पास काढला.

शुक्रवारी त्यांना सुट्टी असते. मेसमध्ये एकोणीस माणसं होती, सगळी आमच्या बाजूची. आठवड्याला दोघांची पाळी स्वयंपाकाला. मामाने मला स्टुलावर बसवलं, बाकीचे खाली. रुपेश धोपट नावाचा मुलगा माझ्या शाळेत दोन वर्षं मागे होता, तो मला मॅडम म्हणाला. मामा त्याला म्हणाला, “मॅडम काय, हिच्या पाटीवर थुंकून पुसायचास तू.” सगळे हसले. मी वही काढून मीठ किती, पाणी किती, असं विचारत बसले. कुळथाचं पिठलं आणि भात. त्यात काही नव्हतं.

जेवण झाल्यावर रुपेशने बाही वर केली. पट्टी दर दोन दिवसांनी बदलायची असते. जुनी काढली तिथे कातडी लाल, चौकोनी, पुरळ उठलेली. पट्टीच्या डिंकाने असं होतं, हे आम्हाला माहीत होतं. त्याने मोरीजवळच्या वाडग्यात बोटं बुडवली, गडद लाल पाणी दंडाला चोळलं, वाळू दिलं आणि त्यावर नवी पट्टी लावली.

मी विचारलं, हे काय?

आमसुलाचं पाणी, मामा म्हणाला. पित्त उठलं की लावतात ना, तुझी आजी नाही का लावायची? इथे सगळेच लावतात. घाटावरची पोरं आली त्यांनाही आम्हीच शिकवलं, नुसती खाजवत बसायची.

प्रयोगशाळेत पट्टी लावण्याआधी नर्स स्पिरिटने दंड पुसते. कॅम्पमध्ये माणसं स्वतःच लावतात. आमसुलात भरपूर आम्ल असतं. ते कातडीवर वाळून बसलं की दिवसभर येणारा घाम त्यात मिसळून आंबटच राहणार. आणि पट्टीच्या हिशेबी आंबट घाम म्हणजे थंड माणूस.

म्हणजे त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. आग होत होती तिथे औषध लावलं होतं, घरी लावतात तेच.

मी येताना एका पुडीत आमसुलं आणली. सोमवारी उष्णकक्षात बेचाळीस अंश लावून घेतले, तापमान मोजणारी गोळी गिळली, डावा दंड स्पिरिटने पुसला, उजव्याला आमसुलाचं पाणी चोळलं, दोन्हींवर पट्ट्या लावल्या आणि दीड तास सायकल मारली. पोटातली गोळी म्हणाली अडतीस पूर्णांक सात. डावी पट्टी म्हणाली अडतीस पूर्णांक सहा आणि वाजू लागली. उजवी म्हणाली अडतीस पूर्णांक दोन. माझा उजवा हात कोकणातला होता, डावा कुठलाच नव्हता.

चार वेळा केलं. चार वेळा तेच.

याचा अर्थ काय, हे मला लगेच कळत होतं, कारण दुसऱ्या मजल्यावरचा गट मूत्रपिंडांवरच काम करत होता. शरीर रोज साडेअडतीसच्या वर जाऊन पाण्याविना राहिलं की मूत्रपिंडाच्या गाळण्या थोड्या थोड्या मरतात. दुखत नाही. रोजचं नुकसान दिसत नाही. पाच तासांत ते थांबवता येतं, साडेसात तासांत नाही. मी अंदाज काढला, अशा गप्प पट्टीवर सहा ते सात उन्हाळ्यांत मूत्रपिंडं निकामी. मामाचा पाचवा चालू होता.

पास मिळाला त्या शुक्रवारी मी परत गेले. मामाला मेसबाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेलं आणि सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकच प्रश्न विचारला, आमसूल लावणं थांबवलं तर काय होईल. मी म्हणाले, पट्ट्या वाजतील, चार तासांतच. मग गुणांक जाईल. सगळे पाच तासांवर येतील.

“पाच तासांवर आम्हाला ठेवतो कोण?” तो म्हणाला. “बिहारवाल्यांना नाही ठेवलं.”

मग त्याने त्याचं सांगितलं. मार्चमध्ये त्याला मुकादम करणार होते. मुकादमाची केबिन असते, पट्टी नसते. अजून नऊ महिने. तू नऊ महिने थांब, तो म्हणाला. एवढंच कर.

मी म्हणाले, आणि बाकीचे?

“बाकीच्यांना मी सांगेन. ज्याला जायचं तो जाईल, ज्याला थांबायचं तो थांबेल. आमचं आम्ही ठरवू.” त्याने टाकीचा ठिबकणारा नळ घट्ट केला. “तू तो आकडा काढलास, बाय, तेव्हा आम्हाला विचारलं होतंस?”

“नाही.”

“मग आता मोडताना कशाला विचारायला आलीस?”

मी म्हणाले की तेव्हा कुणाचं नुकसान होईल असं वाटलं नव्हतं. तो म्हणाला, आताही नुकसान आमचंच आहे, फक्त तुला ते आता दिसायला लागलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो दमलेला होता. आठवडाभर साडेसात तास उन्हात काढलेला माणूस सुट्टीच्या दिवशीही तसाच बोलतो, हळू, शब्द जपून.

मी त्याला रक्त तपासून घ्यायला सांगितलं. नको म्हणाला. तपासणीत काही निघालं तर कंपनीला कळवावं लागतं, हे त्यालाही माहीत होतं. मग जाता जाता, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसं, म्हणाला, “लघवीला फेस येतो. साबणासारखा. सगळ्यांनाच येतो. आम्हाला वाटलं इथलं पाणी तसलं असेल.”

लघवीत फेस म्हणजे प्रथिनं. गाळणी फाटली की ती बाहेर पडतात. मी त्याला हे सांगितलं नाही. तेवढं एक त्या दिवशी मी सांगितलं नाही.

त्यानंतर अकरा दिवस मी काही केलं नाही. अहवाल पहिल्याच दिवशी लिहून झाला होता, सहा पानांचा. रोज संध्याकाळी उघडायचे, एखादा स्वल्पविराम हलवायचे, बंद करायचे. माझ्या कार्डाचा विचार केला नाही असं नाही. चुकीच्या लेखावर मिळालेलं कार्ड किती दिवस राहील, हे मी हिशेबात धरलं होतं, आणि कपाटातलं काय न्यायचं, काय टाकायचं, हेही मनात ठरवून टाकलं होतं. पण थांबले ते त्यामुळे नाही. मामाच्या तोंडून एकोणीस मोठी माणसं मला सांगत होती की स्वतःच्या शरीराचं काय करायचं ते आम्ही ठरवू, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे हे मला सिद्ध करता येत नव्हतं. मला फक्त मूत्रपिंडांबद्दल सिद्ध करता येत होतं.

बाराव्या दिवशी सकाळच्या नोंदींमध्ये रुपेशच्या नावासमोर ‘कामावर कोसळला’ असं आलं. पट्टी म्हणत होती सदतीस पूर्णांक नऊ. दवाखान्यात मोजलं तेव्हा चाळीस पूर्णांक तीन होतं. घाम आटला की दंडावर नुसतं आमसूलच उरतं, म्हणून पट्टी एवढी चुकली होती. तो वाचला. मी अहवाल घेऊन डॉ. हद्दाद यांच्या खोलीत गेले.

त्यांनी तो दोनदा वाचला. माझ्या दंडांचे चार आलेख त्यांनी एकमेकांवर ठेवून खिडकीसमोर धरले. प्रयोगशाळेतल्या त्या सहा माणसांबद्दल विचारलं, आणि तळटीप कोणाची, हेही. माझी, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, सही माझीही आहे. मग त्यांनी अहवालावर सही केली. त्या स्वतः वीस वर्षांपूर्वी बैरूतहून आलेल्या. मी जायला उठले तेव्हा म्हणाल्या, घाबरू नकोस, आपल्याला काही होणार नाही. मला वाटलं धीर देण्यासाठी म्हणत असतील.

गुणांक सहा आठवड्यांत रद्द झाला. सक्तीने सगळ्या चार हजारांचं रक्त तपासलं. मामाच्या मेसमध्ये एकोणिसांपैकी अकरा जण अनफिट निघाले. मामाचं क्रिएटिनिन दोन पूर्णांक तीन होतं, म्हणजे मूत्रपिंडांची एक तृतीयांशाहून थोडी जास्त ताकद शिल्लक. डॉक्टर म्हणाले, आता ऊन बंद केलं तर पंधरा-वीस वर्षं डायलिसिस लागणार नाही. नऊ महिने आणखी काढले असते तर काय झालं असतं? मग पंधरा-वीस म्हणालो नसतो, ते म्हणाले.

अनफिट माणसाला कायद्याने परत पाठवतात. जे फिट होते त्यांचे करारही नव्याने झाले नाहीत, कारण कंपनीने कामाची निविदा साडेसात तासांच्या हिशेबाने भरली होती. फिलिपिन्सहून कमी दरात माणसं आली. आईचा फोन आला की मामी तिच्याशी बोलत नाही. विहिरीवर कोणीतरी आईला म्हणालं होतं, तुझ्या लेकीने गावाला ऊन दिलं आणि तिनेच काढून नेलं. आई मला हे सांगत होती तेव्हा तिलाही माझी बाजू नक्की कळली होती असं वाटलं नाही.

मला काय झालं ते मला एका मंगळवारी पत्राने कळलं. आमची दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती, आणि पहिल्या लेखाच्या दुप्पट लोक तिचा दाखला देत होते. स्वतःची चूक स्वतः शोधून जाहीर करणारी तरुण संशोधक म्हणून एका परिषदेने माझं भाषण ठेवलं. संस्थेने नवा गट काढला, पट्टी लावण्याआधी कातडीवर काय आहे ते ओळखणाऱ्या संवेदकाचा. त्याची प्रमुख मी. आणि दहा वर्षांचं कार्ड जाऊन कायमचं आलं. सोबत रंगीत पुस्तिका होती, त्यात लिहिलं होतं की आता मी आई-वडील, भावंडं यांच्यापैकी कुणालाही सोबत राहायला बोलावू शकते. मामा हे नातं यादीत नव्हतं. मी फोन करून विचारलं. नाही म्हणाले.

मामा जायच्या दिवशी कॅम्पच्या फाटकाशी कंपनीची बस उभी होती. दुपारचे तीन. यादीत नाव असेल त्यांनीच बसायचं होतं, म्हणून मी पायरीवर उभी राहिले. रुपेश मागच्या सीटवर होता, त्याने मला पाहून मान दुसरीकडे केली. मामा दारापाशीच बसला होता, पायांशी एकच बॅग. चेहऱ्याला थोडी सूज होती. मी त्याला गोळ्यांची चिठ्ठी दिली, मीठ कमी, डाळ कमी, दुखण्याची गोळी कुठलीही घ्यायची नाही, तीन महिन्यांनी रत्नागिरीला रक्त तपासायचं. त्याने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली. रुपेशच्या आईला मी फोन करेन, म्हणाला. तो रागावलाय, पण वाचलाय ते त्याला नंतर समजेल. की नाही समजणार, कोण जाणे.

मग त्याने विचारलं, “तुझं काय झालं? तुला काढलं काय?”

मी नाही म्हणाले.

“मग?”

“कायमचं कार्ड दिलं. आणि गट दिला, नवीन.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो हसेल, पाटीवर थुंकून पुसायचास म्हणताना हसला होता तसं. पण तो ते मनात लावून बघत होता, एखाद्या कामाचा नकाशा समजून घ्यावा तसं, आपण कुठे उभे, ती कुठे उभी. बाहेर सेहेचाळीस अंश होतं. बसच्या दारातून थंड हवा माझ्या पायांवरून बाहेर जात होती, आणि मागून कोणीतरी ओरडलं की दार लावा.

“चांगलं झालं,” मामा म्हणाला. “उतर आता, बाय. सगळ्यांचा एसी जातोय.”